हातातून न सुटणारी डिस्क

प्रिय एन्सिओ,

तू पाठवलेल्या तिन्ही डिस्क पोचल्या. लाल मऊ, निळी मधली आणि ती काचेसारखी आरपार दिसणारी. पोस्टातल्या बाईंनी खोका हातात देताना विचारलं, “भावानं ताटल्या पाठवल्या वाटतं?” मी म्हटलं, हो, आमच्याकडे लोक रानात खांबावरच्या टोपल्यांत ताटल्या फेकतात आणि त्याला खेळ म्हणतात. आई बरी आहे. परवा माझ्याबरोबर रानात लिंगनबेरी वेचायला आली होती. अर्धी बादली भरली आणि मग खडकावर बसून मलाच सूचना देत राहिली. बर्चची झाडं पिवळी झालीत, तळ्यावर सकाळी धुकं असतं. हे सगळं मी लिहितेय खरी, पण लिहायचं दुसरंच आहे, आणि ते कुठून सुरू करावं ते मला कळत नाही. म्हणून डिस्कपासूनच सुरू करते. तुझ्याशी बोलायचं तर तोच रस्ता सोपा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून माझी फेक उजवीकडे जायला लागली, हे तुला माहीत आहेच. माझ्या जुन्या पिवळ्या डिस्कवर तू खापर फोडलंस. “केर्तू, स्वस्तातलं प्लास्टिक हाताला गोड लागतं, पण झाडाचा मार खाऊन खाऊन त्याची कड जाते. कड गेली की डिस्क उजवीकडेच कलंडणार. ती मेली आता. पुरून टाक तिला.” मला ते पटलं. पावसातसुद्धा ती पिवळी बोटांना कशी धरून असायची, पण तिच्या कडेला उंदरांनी कुरतडल्यासारखे चावे पडले होते. मग मी टणक, चकचकीत प्लास्टिकची घेतली. खडकावर आपटली तरी ओरखडा नाही. पण दवात ती माशासारखी गुळगुळीत, आणि तरीही उजवीकडेच. तू म्हणालास, घट्ट धरतेस म्हणून. मी सैल धरली. तरी तेच. शेवटी मी तुला म्हटलं, “ती हातातून सुटतच नाही रे वेळेवर. चिकटल्यासारखी राहते.” त्यावर तू हसून म्हणालास, “मग कमी चिकट प्लास्टिक वापर. मला तर दोन वर्षं झाली, मऊ डिस्क हातात धरवत नाही. तळहाताला डिंक लावल्यासारखी बसते. मी सगळ्या वाटून टाकल्या.” तेव्हा मीही हसले होते. घरातला प्लास्टिकचा पंडित तू. तू म्हणतोस म्हणजे प्लास्टिकचाच दोष असणार.

मग सप्टेंबरातली ती सकाळ आली. माझी खेळातली मैत्रीण मार्युक्का आणि मी नेहमीसारख्या तळ्याकाठच्या मैदानावर गेलो. गवतावर पांढरं दहिवर होतं. चौथ्या टोपलीपाशी मार्युक्का माझ्या उजव्या अंगाला, जरा मागे, बाकावर थर्मासमधून कॉफी ओतत बसली होती. मागे असलेल्या माणसाला काय होणार, असंच आपण धरून चालतो. मी हात मागे नेला, अंग फिरवलं, आणि डिस्क सुटायची तिथे सुटली नाही. बोटं उघडलीच नाहीत. हात पूर्ण फिरला आणि मग ती आपल्या मर्जीनं गेली. मार्युक्काच्या कानाच्या वर लागली. टणक प्लास्टिकची कड सुरीसारखी असते, तुला सांगायला नको. तिची कॉफी सांडली, केसांतून रक्त मानेवर आलं. दोन बोटं खाली लागली असती तर डोळाच गेला असता. मी धावले. ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही. म्हणाली, “मला मारायचंच होतं तर निदान कॉफी तरी पिऊ द्यायचीस.” मी तिला हात देऊन उठवलं. ती उभी राहिली, रुमाल डोक्याला लावला, आणि म्हणाली, “सोड आता.” मी सोडत होते, एन्सिओ. मी मनातल्या मनात बोटांना सांगत होते, सोडा. ती पुन्हा म्हणाली, “केर्तू, सोड ना. दुखतंय.” मग माझी बोटं उघडली, पण किती सावकाश, जशी ती माझी नव्हतीच. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा ती हसत नव्हती.

त्यानंतर मी तुझ्या तिन्ही डिस्क घेऊन एकटीच तळ्यावर गेले. पाण्यात बुडवून गार केल्या आणि एकेक फेकली. लाल मऊ सुटेना. निळी सुटेना. आरपार दिसणारी, जिला धरायलाच त्रास होतो, तीही सुटेना. प्लास्टिकवर ढकलायला आता जागा उरली नव्हती. मग घरी मी चोरासारखी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. नळ घट्ट धरला की हात तिथेच. बरणीचं झाकण फिरवलं की हात तिथेच. दहा-बारा वेळा मूठ उघड-मीट केली की मोकळी होते, सौनाच्या गरम वाफेत बसले की तर काही झालंच नाही असं वाटतं. आणि मग दारात थंडी लागली की पुन्हा. किती घाबरले होते ते मी कुणालाच, नवऱ्यालाही, सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होतं, असं काहीतरी मनात होतं.

आणि मग बाबा आठवायला लागले. तुला आठवतं का, चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्यांची थट्टा करायचे? “याच्याशी हात मिळवू नका, कॉफीला घरी नेल्याशिवाय सोडत नाही.” हिवाळ्यात लाकडं फोडून झाली की ते दुसऱ्या हातानं बोटं एकेक करून कुऱ्हाडीवरून सोडवायचे आणि म्हणायचे, “कुऱ्हाडीचा जीव जडलाय माझ्यावर.” आपण दोघं खिदळायचो. चाळिशीतच त्यांना मोतीबिंदू झाला होता, तेही थट्टेवारीच गेलं. आणि मग ते हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी आईला म्हणाले होते, रात्रीच्या जेवणाला वाटाण्याचं सूप कर. ऑपरेशन नीट पार पडलं. पण भुलीतून बाहेर येताना त्यांना श्वासच घेता येईना, आणि मग हृदय थांबलं. हृदय कमकुवत होतं, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. तेव्हा यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तू नववीत होतास.

शेवटी मार्युक्कानंच मला डॉक्टरकडे नेलं. तिच्या कानाच्या वरचे टाके अजून काढायचे होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मूठ आवळा, आता उघडा. मग त्यांनी माझ्या अंगठ्याच्या बुडाशी छोट्या हातोडीनं टकटक केलं, तर अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. त्यांनी तीच हातोडी पुन्हा मारून बघितली. रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. गेल्या मंगळवारी निकाल आला. मायोटोनिक डिस्ट्रॉफी असं त्याचं नाव. स्नायू आवळतात ते लवकर सैल होत नाहीत, हळूहळू कमजोर होतात, मोतीबिंदू लवकर येतो, आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. माझे चुकतात. पुढच्या महिन्यात छातीत पेसमेकर बसवणार आहेत. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. डॉक्टरबाईंनी विचारलं, “भावंडं?” मी म्हटलं, एक धाकटा भाऊ, औलूला असतो. “त्याचे हात कसे आहेत?” मी चटकन म्हटलं, त्याला काही नाही, तो ठणठणीत आहे. खाली येऊन गाडीत बसले, किल्ली लावली, आणि तुझं ते बोलणं कानात वाजलं. मऊ डिस्क धरवत नाही. डिंक लावल्यासारखी बसते. सगळ्या वाटून टाकल्या. आणि गेल्या हिवाळ्यात तुझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटला होतास की पेन्शनच्या आधी म्हातारपणाचा हप्ता मिळाला. मला गाडी सुरू करता येईना.

रविवारी मी तुला फोन केला तो हे सांगायला. तू मला बोलूच दिलं नाहीस. “अगं, थंडीत सगळ्यांचेच हात आखडतात. आणि धरलेलं सोडायचं नाही हा तर तुझा स्वभावच आहे, नवऱ्याला विचार.” पुढे म्हणालास, “बरं ऐक, गुरुवारी माझ्या खांद्याचं ऑपरेशन आहे. पूर्ण झोपवणार आहेत. किरकोळ आहे, संध्याकाळी घरी. नंतर बोलू निवांत.” आणि फोन ठेवलास. तू ठेवलास तरी मी कितीतरी वेळ तो कानाला धरून होते. परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून आजच्याच बसनं औलूला पाठवतेय. ऑपरेशन करू नकोस असं मी म्हणत नाही. डॉक्टरबाईही तसं म्हणत नाहीत. या आजारात नेहमीची भूल श्वासाला आणि हृदयाला झेपत नाही, म्हणून भूल देणाऱ्यांना आधी ठाऊक असलं पाहिजे, एवढंच. मग ते औषधं वेगळी देतात, हृदय तपासतात, नंतर जास्त वेळ नजरेखाली ठेवतात. पाकिटात डॉक्टरबाईंची चिठ्ठी आहे. ती आणि हे पत्र भूल देणाऱ्यांना दाखव, आणि घरून हसत हसत निघू नकोस. मी बुधवारी येतेय. गाडी मार्युक्का चालवणार आहे, थंडीत मला माझ्या हातांवर विसंबता येत नाही. तू त्यांच्याशी बोलला नसशील तर मी बोलेन, तुला राग आला तरी. बोलला असशील तर मी नुसती बाहेर बाकावर बसून राहीन. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तसल्या बाकावर ती एकदा बसली आहे, सुपाचे वाटाणे घरी भिजत घालून.

तुझीच, फार घाबरलेली,
केर्तू