घोड्याला वळण

२ नोव्हेंबर

लीद. सकाळी लीद, संध्याकाळी लीद, मध्ये जेवायला बसावं तर हाताला तोच वास! तबेल्यातला माणूस काम सोडून गेल्यापासून हे माझ्या गळ्यात पडलंय. ह्यांना कंबरेचा त्रास. भाऊजींना वेळ नाही. घरात सून असली की कशालाच माणूस ठेवावा लागत नाही.

सासरे अंथरुणाला खिळलेले. खुब्याचं हाड मोडलं – घोड्यावरून पडून नव्हे, न्हाणीघरात! आयुष्यभर भल्याभल्यांना घोड्यावर बसायला शिकवलं आणि शेवटी साबणानं पाडलं. पलंग खिडकीशी लावून घेतलाय. समोर तबेला. दिवसभर बाबा घोड्याकडे बघतात आणि घोडा बाबांकडे. ते त्याला राजा म्हणतात. मी ध्यान म्हणते.

हे म्हणाले, विकून टाकू. ऐकून इतकं बरं वाटलं की आपणहून दुसरा चहा केला.

४ नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं. ध्यानाभोवती एक चक्कर मारली, मान डोलवली, आणि ध्यानानं त्याचं कोपर कचकन धरलं. कोटाची बाही लोंबायला लागली. गिऱ्हाईक परत! काल आलेल्या दोघांचीही हीच गत. ह्यांना चावलाय, भाऊजींना चावलाय. मला अजून नाही. अंगाला लिदीचा वास येतो म्हणून नात्यातली समजत असेल. शी!

ठरलं असं – आधी शिकवणारा आणायचा, घोड्याला वळण लावायचं, मग विकायचा. शिकवणारा शोधायचा कुणी? वेगळं सांगायला नको.

८ नोव्हेंबर

पहिला आला. चकचकीत बूट, काखेत फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि चाबूक काढला. घोड्याला आधी कळलं पाहिजे मालक कोण, असं म्हणून नाकाडावरच मारायला लागला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की हा थांबायचा आणि घाम पुसायचा. म्हणजे उभं राहिलं की मार थांबतो, हे घोड्याला दोनदा मार खाल्ल्यावर कळलं. याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं नाही.

तोवर मी प्रमाणपत्र वाचलं. कुठल्याशा घोड्यांच्या प्रदर्शनाला हजर राहिल्याचं होतं! प्रेक्षक म्हणून!!

हाकलला. खिडकीतून बाबांचा हसण्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी.

१३ नोव्हेंबर

दुसरा मारत नाही. घोड्याच्या कानात बोलतो. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, थोड्या वेळानं दार उघडलं तर ध्यान अगदी गरीब गाय! ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ गेले. खालचा ओठ लोंबतोय, लाळ गळतेय, डोळे अर्धे मिटलेले. पायाखालच्या गवतात सुई सापडली.

गुंगीचं औषध दिलं होतं मेल्यानं. हाही हाकलला. ह्यांना सुई दाखवली तर म्हणाले, “गिऱ्हाईक येईल त्या दिवसापुरतं दिलं तर?”

जेवले नाही.

१४ नोव्हेंबर

ह्यांच्याशी बोलत नाही.

१८ नोव्हेंबर

आता शहाणी झाले. कागद बघायचा नाही, काम बघायचं. पलीकडच्या रस्त्यावर एक बाई घोडे शिकवते असं कळलं, तर न सांगता जाऊन कुंपणाशी उभी राहिले. बाई एका दांडग्या घोडीला नुसती मागे सरकवत होती. दोरी जरा ताणायची, घोडीनं पाऊल मागे घेतलं की त्याच क्षणी सैल सोडायची. आरडाओरडा नाही. घोडीचे कान बाईकडे. विचारल्यावर कळलं, रीतसर शिक्षण झालंय, परीक्षा दिल्यात. मीच विचारीपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती.

उद्धट आहे. मला म्हणाली, तुमचे बूट चुकीचे आहेत. आवडली.

२१ नोव्हेंबर

बाई आली. घोड्याला हातही न लावता आम्हाला एकेकाला त्याच्यासमोर उभं केलं. हे चावून घेऊन आले. भाऊजी कुंपणाच्या आत यायलाच तयार नाहीत. मग तिनं ह्यांच्या दोन्ही हातांत दोरी दिली आणि पुन्हा पाठवलं. ध्यान शांत! ह्यांना वाटलं, वळण लागलं. भाऊजींना घेऊन खुशीत घरात गेले.

मग बाई मला म्हणाली, “घोडा वाईट नाही. शिकवलेला आहे. समोरच्यानं हात मागे बांधले की चावतो.”

खरंच की! घोडा विकत घेणारे सगळे तसेच फिरतात – हात मागे, पोट पुढे. हेही तसेच उभे राहतात, भाऊजीही.

मी विचारलं, मग मला कसा चावत नाही?

“तुमचे हात रिकामे कधी असतात?”

फावडं हातातच होतं. ही खोड मोडायला वेळ लागेल, तुम्ही सांगाल तेव्हा सुरू करते, म्हणाली. कळवते म्हटलं.

२२ नोव्हेंबर

बाबांना सरळ विचारलं, चावायला तुम्हीच शिकवलंत ना? त्यांनी नाकारलं नाही. अपराधी वगैरे काही चेहरा नाही. उलट कॉलर ताठ! म्हणाले, “चांगल्या घोड्याला गिऱ्हाईक मिळतं. वाईट घोडा घरी राहतो.”

संताप आला. यांच्या लाडापायी मी लीद उपसतेय! तसं तोंडावर बोलून टाकलं. ते म्हणाले, ठाऊक आहे, रोज बघतो. आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

चांगली सून घरी राहते आणि लीद काढते. तिला चावायला कुणी शिकवलं नाही.

ह्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर

नवं गिऱ्हाईक ठरलं. भाऊजी आत्तापासून पावलं टाकून तबेला मोजतायत, गाड्या लावायला. मला म्हणाले, वहिनी, सुटलात तुम्ही. जेवताना ह्यांनी पुढचं काढलं – घोडा गेला की बाबांना खिडकीतून बघायला उरतं काय? मग मागच्या खोलीत हलवू, पुढची मोकळी होईल. मागच्या खोलीला खिडकी नाही. भाऊजी म्हणाले, बरोबर. आणि भाजी पुढे सरकवली.

बाबा शेजारच्याच खोलीत, दार उघडं. ऐकलं असणारच.

मला या दोघांची किळस आली. अगदी शब्दशः. घास तसाच ताटात काढून ठेवला. वाढलं कुणी त्यांना? मीच.

२९ नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं. थंडीमुळे दोन्ही हात कोटाच्या खिशात. ध्यान शहाण्यासारखं उभं. हे आणि भाऊजी कुंपणापलीकडे, चेहरे फुललेले. खिडकीत बाबा. सौदा झाल्यातच जमा होता.

मी फावडं भिंतीला टेकवलं, पुढे झाले आणि अदबीनं म्हणाले, “जरा हात मागे बांधून उभे राहा. आमच्या घोड्याला शिस्त लागते.”