काळी चारला कोणीही हरकत घेऊ नये

मी, खाली सही करणारी, गल्लीत 'पट्टीवाली बाई' म्हणून ओळखली जाणारी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्याला साथ करून पोट भरलेली बाई, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर कोणाचंच न ऐकण्याच्या जुन्या सवयीने, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टर माझ्या हृदयाबद्दल जे बोलले ते भाचीने मला सांगितलं नाही, दाराआड कुजबुजत भाच्याला सांगितलं. हृदय गेलं असेल, कान शाबूत आहेत. सगळं ऐकू आलं.

बुद्धी ठिकाणावर असल्याचा पुरावा वकिलांना हवा होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी म्हटलं, "पांढरी दोन." ते म्हणाले, "काय?" म्हटलं, "तुमच्या फोनवरच्या गाण्याची पट्टी. आणि तुम्ही ते गुणगुणत असाल तर घरच्यांची कीव येते." त्यांनी फायलीत 'बुद्धी उत्तम' असं लिहून टाकलं.

कलम १. माझी खरी मिळकत एकच: गाणं कुठल्या पट्टीत आहे ते ओळखणं. ही विद्या मी भाचीला देते. ती औषधाच्या दुकानात काम करते, म्हणजे वाईट अक्षर वाचायचा सराव आहे, बेसूर गळाही वाचेल. पद्धत सांगून ठेवते. गाणं कुठून निघालं ते बघू नये. ते फिरून फिरून कुठे घरी येतं, कुठे चप्पल काढून बसतं, ते बघावं. तो सा. तो आपल्या गळ्यात धरावा आणि बोटाने कीबोर्डच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर शोधावा. ज्या पट्टीवर सापडेल ती गाण्याची पट्टी. एवढंच आहे. लोकांना एवढंही जमत नाही.

कलम २. ज्यांना जमत नाही त्यांत अग्रभागी आमचे गायनवर्गाचे मास्तर. पहिला सूर ऐकला की तोच सा, अशी त्यांची आयुष्यभर समजूत. भर स्पर्धेत त्यांनी एका मुलीचं गाणं थांबवून मला पट्टी बदलायला लावली, आणि वर म्हणाले, "बाई, तुम्ही वाजवा, विचार आम्ही करतो." मुलगी बिचारी वरच्या सुराला गेली आणि तिथेच अडकली. बक्षीस गेलं ते गेलंच. मास्तरांना मी त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं परत करते. आतापर्यंत सांभाळून ठेवलं होतं, आता त्यांनी सांभाळावं. शिवाय माझं तालयंत्र द्यावं. ते मध्येच अडखळतं, त्यामुळे दोघांचं जमेल.

कलम ३. घराचा अर्धा भाग आधीपासून माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, नावावर आहे. माझा अर्धा भाग भाची आणि भाचा यांना समान. मात्र ताईच्या हयातीत तिच्या खोलीतली खुर्चीसुद्धा कोणी हलवू नये. बँकेत जे काही निघेल त्यातून माझं शेवटचं उरकावं. त्या वेळी गाणी लावू नयेत. लावलीच तर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत उड्या मारणारी लावू नयेत, मी उठून बसेन.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं वाटीभर पाण्यात बुडवलं तरी चालेल.

ताई गाते. दर शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात, मी साथीला. बोर्डावर तिचं नाव हातभर आणि माझं 'व साथ' एवढंच, पण त्याचा राग मी कधीच सोडून दिला, म्हणजे फक्त इथे लिहिते आहे. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, गेले तेव्हा तिने गाणं सोडलं. सकाळ-दुपार भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खा म्हटलं की "नको", बोल म्हटलं की "काय बोलू?" मी समजावलं, रडले, भांडले. शेवटी एक दिवस कीबोर्ड तिच्या दाराशी ओढून नेला आणि तिचंच गाणं मुद्दाम भलत्या पट्टीत वाजवत बसले. तासभर सहन केलं तिने. मग आतून ओरडली, "अगं ए, बहिरी झालीस का? काळी चार!" आणि उठून बाहेर आली. त्या दिवशी जेवली.

म्हणून काळी चार. ही ताईची पट्टी. पण वय कोणाला सोडतं? तिचा गळा खाली आला, अभिमान मात्र होता तिथेच राहिला. ती माझ्या उजव्या हाताला बसते आणि माझं बोट काळी चारवर आहे ना, हे बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. तेव्हा मी नवा कीबोर्ड घेतला. त्याला एक बटण आहे. एकदा दाबलं की सगळे सूर अर्ध्या पायरीने खाली येतात. मी दोनदा दाबते. बोट काळी चारवर, आवाज काळी तीनचा. आकडा दाखवणाऱ्या काचेवर मी चिकटपट्टी लावली आहे आणि काच तडकल्याचं सांगितलं आहे. ताई गाते, लोक म्हणतात, "काय आवाज टिकवलाय!", ताई म्हणते, "आमचं सगळं मुळातच पक्कं." मी मान डोलावते.

एकदा मात्र सभागृहात वीज गेली. कोपऱ्यातला जुना पियानो उघडला. त्याला कुठलं बटण असणार? मी बोट काळी चारवर ठेवलं. ताई माझ्या कानाशी वाकली, खोटं खोटं खोकली आणि म्हणाली, "आज घसा बसलाय गं. काळी तीन घे." नेमकी काळी तीन! घरी येताना म्हणाली, "उद्या घसा सुटेल. मग आपलं नेहमीचं." योगायोग असतात माणसाच्या आयुष्यात. मी जास्त खोलात गेले नाही.

कलम ५. भाच्याने फोनमध्ये पट्टी सांगणारं काहीतरी घेतलं आहे. मागच्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर तो ताईसमोर फोन नाचवत म्हणाला, "मोठी आत्या, हे बघ, तू काळी चारमध्ये नाहीच आहेस!" मी त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हटलं, "तुझ्या फोनला आमटी लागली असेल, पूस." पोरगं मनाने वाईट नाही, फक्त खरं बोलण्याची खोड आहे. घरात राहायचं तर ती सोडावी लागेल.

कलम ६. ताईने मला बजावलं आहे, "तू गेलीस की माझं गाणं बंद. माझी पट्टी दुसऱ्या कोणाला सापडत नाही." मला मरणाची भीती नाही. त्या भिंतीची आहे. ती परत भिंतीकडे तोंड करून पडली तर या वेळी दाराशी कीबोर्ड ओढायला मी नसेन.

म्हणून कीबोर्ड भाचीला, या अटीवर की तिने दर शनिवारी साथीला बसावं, आधी बटण दोनदा दाबावं, चिकटपट्टी काढू नये आणि ताईच्या डोळ्याला डोळा देऊ नये. तसंच मी जाहीर करते की माझ्या बहिणीची पट्टी काळी चार होती, आहे आणि राहील. माझ्या वारसांपैकी जो कोणी याला तोंडी, लेखी किंवा फोन दाखवून हरकत घेईल, त्याचा या मिळकतीतला वाटा तत्काळ रद्द समजावा.

कलम ७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. माझ्याकडून काहीही घ्यायला तयार नाही अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे, म्हणून ताई साक्षीदार. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नाही, माझी सही होताना बघितली की पुरे. शिवाय ताई चारचौघांत चष्मा लावत नाही. तेव्हा चिंता नाही.

ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल
दिनांक: मंगळवार, १४ मार्च
मृत्युपत्र करणारी: (सही) पट्टीवाली बाई

साक्षीदार: (सही) खालच्या मजल्यावरचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वाचलं नाही. वरून गाणं रोज ऐकू येतं, तक्रार नाही.

साक्षीदार: (सही) मोठी बहीण. हिने माझ्यासमोर सही केली. नंतर सगळे चहाला उठले, तेव्हा चष्मा लावून वाचलं. मला वाटा नाही, म्हणजे रद्द होण्यासारखं काही नाही, म्हणून मी हरकत घेते. बटण दोनदा नव्हे. हिवाळ्यापासून दोनदा दाबूनही मला वरचा सूर ताणावा लागतोय आणि या शाबूत कानवालीला पत्ता नाही. आधी कान दाखवून ये म्हणावं. भाचीसाठी: शनिवारी वेळेवर ये. मी काळी चारच सांगणार. तू तीनदा दाब.