दार बसलं

मास्तर, लालबागच्या तुमच्या गॅरेजात दाराची एकच परीक्षा होती. तुम्ही पाठ करून उभे राहता, आम्हा दोघांपैकी ज्याने गाडीचं दार जुळवलं असेल तो ते लावतो, आणि तुम्ही न वळता म्हणता, "खडखडतंय. परत." नीट लागलं तर एकच शब्द, "बसलं." माझ्या जोडीदाराला तो आठवड्यातून दोनदा मिळायचा. कान माझे तिखट. दार कुठे घासतंय ते मी फुटपाथवरून सांगायचो, पण हात लावला की बिघडायचं. "कान देवाने दिले, हात कुठे विसरून आलास रे?" हे तुम्ही त्याच्यादेखत म्हणालात. मी हसलो. अजून गिळतोय.

आता परळला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. महागड्या गाड्या येतात. त्यांचं दार नुसतं टेकवायचं, शेवटचं बोटभर अंतर कुलपातली छोटी मोटर ओढून घेते. बारीक झुंई होते नि दार बसतं, कोणाच्याही हातून. खरं सांगतो, मला ही युक्ती फार आवडली. वाटलं, चला, त्याच्या हाताचं कौतुक संपलं.

गेल्या मंगळवारी तो जोडीदार आला. हल्ली एका शेठची गाडी चालवतो, तीच घेऊन. "काय रे, पोट सुटलं तुझं," म्हणत उतरला आणि न बघता मागच्या मागे दार लावलं. बसलं. झुंई नाहीच. मोटरला त्याने काम शिल्लक ठेवलं नव्हतं. एवढ्या गजबजाटात ते फक्त मला कळलं.

"मोटर गेलीय वाटतं," मी म्हटलं. "गाडी ठेवून जा."

"ती बरी आहे रे. मलाच तिची सवय नाही."

मलाही तुम्ही एकदा 'बसलं' म्हणाला होतात. काळ्या गाडीचं मागचं दार. वळून तुमचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. मास्तर, ते दार मी चहाला गेलो तेव्हा त्याने जुळवून ठेवलं होतं. मी फक्त ढकललं. तो समोरच उभा होता, काही बोलला नाही.

तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या टेबलाच्या खणात असतो. मंगळवारी जोडीदार निघाला तेव्हा मी खण उघडलाही होता. मग आतून माझं कार्ड काढून त्याला दिलं. म्हटलं, काही लागलं तर फोन कर.