आईसाठी बदललेला परवेश

१० नोव्हेंबर २०१३
आज आई दोन घास जेवली. तेही मी ओरडली म्हणून.
आषाढात नीलेशदादाला साकोलीच्या हायवेवर ट्रकनं उडवलं. तेव्हापासून आई रडलीच नाही. एकदाही नाही! बसायला येणाऱ्या बाया गळे काढतात, आणि ही त्यांना पाणी नेऊन देते.

१२ नोव्हेंबर
शनिवारी आमच्या एकोडीची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. भय्याजी काका आले होते, मंडईचं नाटक तेच ठरवतात. यंदाच्या नाटकात पोराला भोसकतात, आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाणं म्हणते. त्या गाण्यावरच नाटक कंपनी चालते म्हणे.
बाबा म्हणाले, "मंग तिले घरीच ठेवतो."
आईनं आतूनच सांगितलं, "मी येतो."
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं! आता नाही कसं म्हणणार?
काकांनी विचार केला. "आनंदा वहिनीले अजून कायले दुखवाचं? कंपनीवाल्याईले सांगतो. आपल्या गावात पोरगा जगते, असं करा म्हणतो. मरणाचा परवेशच बदलवू!"
बाबांनी हात जोडले. मलाही बरं वाटलं. माणसं चांगली आहेत आमच्या गावची.

१७ नोव्हेंबर
काल मंडई झाली. घर पाहुण्यांनी भरलं होतं. नाटकाला आईला बायांच्या बाजूला पुढेच बसवलं.
पोरगा पडला. नाटकातली आई धावत आली, डोकं मांडीवर घेतलं, पेटी सुरू झाली — आणि त्यानं डोळे उघडले! "आई, पाणी!"
काय टाळ्या, काय शिट्ट्या! पण स्टेजकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळा मंडप वळून आमच्या आईकडे पाहून राहिला होता. गावानं तिला आहेर केला होता ना!
आई हसली. खरंच हसली. भय्याजी काकांनी उपरण्यानं डोळे पुसले.

१८ नोव्हेंबर
पाहुणे गेले, आम्ही तिघंच उरलो. आई सकाळीच न्हाली. वडे तळले. बाबा मला हळूच म्हणाले, "तिच्याकडे पाय, सुधरून राहिली."
मग तिनं ताटं वाढली. चार.
"हे कोणाचं गं?"
"नीलेशचं."
मी ताटावरून तिच्याकडे पाहिलं.
"असं काहून पायतेस? त्या बाईचा उठला नाही का? आपलाही उठन. थोडा टाइम लागते."
बाबा उठून शेतात रचलेल्या धानाच्या पुंजण्याकडे निघून गेले. वडे तसेच राहिले.

२१ नोव्हेंबर
रोज चौथं ताट. रोज त्याचा निळा शर्ट धुऊन वाळत घालते. दारात बसून रस्त्याकडे पाहते आणि हसते. शेजारच्या देवकाबाई म्हणतात, "बरी झाली माय तुयी!" डोंबल बरी झाली!
भय्याजी काका दिसले तर मी भर रस्त्यात बोलली, "तुमच्या दयेनं आमचं वाटोळं केलं काका!" ते रडायलाच लागले. "आम्ही का वाईट कराले केलं का, पोरी?"
नाही केलं. म्हणूनच तर कोणावर धड रागावताही येत नाही.

२३ नोव्हेंबर
सुंदरबाई मावशीच्या गावी परवा तीच कंपनी, तेच नाटक. न बदललेलं.
मी बाबांना म्हटलं, आईला नेते. बाबा अंगावरच आले. "तिले मारतेस का?"
"आता जगून राहिली का ती?"
बाबांनी मग अडवलं नाही. खूप भीती वाटते.

२६ नोव्हेंबर
काल घेऊन गेली.
मी स्टेज पाहिलंच नाही. आईलाच पाहत होती. पोरगा पडला तशी ती पुढे सरकली. ओठ हलत होते — उठ, उठ. गाणं संपलं. तो उठला नाही.
लोक ओरडले, वन्स मोअर! एकेकाचा गळा दाबावासा वाटला. ती नटी परत पहिल्या ओळीपासून रडली. तो पडूनच. पडदा पडला.
मग आईच्या पोटातून जो आवाज निघाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. लुगडं सुटलं, छाती बडवून घेतली. ओळखीच्या ना पाळखीच्या बायांनी तिला धरलं. मावशी मला म्हणाली, "डाकीण हायेस तू डाकीण!"
असेन. मला काहीच कळत नाही आता. काय करून बसली मी?

२७ नोव्हेंबर
घरी आणलं. अंगात ताप. आज ताटं तीनच, तिसरंही तसंच राहिलं.

२८ नोव्हेंबर
पहाटे आई बाबांच्या खाटेशी जाऊन उभी राहिली.
"त्या बाईले लेकराचं तोंड पाहू देलं. मले काहून नाही पाहू देलं?"
दादाला दवाखान्यातून कपड्यात बांधून परस्पर घाटावर नेलं होतं. तिला सोसणार नाही म्हणून.
बाबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "तोंड राहिलंच नव्हतं, आनंदा."
आई म्हणाली, "हात तं होते ना?"