वेळ दुप्पट, सगळं दुप्पट

सोमवार, २ सप्टेंबर
आजपासून नियमित रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
काम असं: चोवीस गणित शिक्षकांना रेषीय संबंध शिकवायला शिकवणं. टॅक्सीचं भाडं, मेणबत्तीची उंची, नळाखालची टाकी. एक गोष्ट ठरावीक वेगानं बदलली की दुसरी कशी बदलते, ते. मुदत चार आठवडे. संचालक बाईंनी स्पष्ट सांगितलंय: शिक्षकांचे गुण वाढले तर मी प्रशिक्षण केंद्रात कायम. नाही तर ऑक्टोबरपासून समोरच्या शाळेत परत, आठवीच्या वर्गावर.
वर्ग सोडून अकरा वर्षं झाली. मला वर्गाची भीती वाटत नाही. फक्त जायचं नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर
पूर्वचाचणी उरकली. वीस गुणांची. पेपर आणि उत्तरसूची वरच्या कार्यालयातून आलेली. तपासत बसलो नाही. यांना येत असतं तर मला कशाला बोलावलं असतं? सगळ्यांना शून्य धरलं. आलेखालाही सोयीचं, रेषा सरळ आरंभबिंदूतून निघते. गठ्ठा पाकिटात, पाकीट कपाटात.
बायको नर्स आहे. म्हणाली, आम्ही सलाईन लावण्याआधी पेशंटचं बीपी तरी बघतो. तिला समजावलं की गणित वेगळं, नर्सिंग वेगळं. ती हो म्हणाली. लवकर हो म्हणाली की मला बरं वाटत नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
आजचा विषय: शिक्षकानं कमी बोलावं, मुलांना बोलू द्यावं. दोन तास चाळीस मिनिटं बोललो. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. इतकी एकाग्रता मी आजवर पाहिली नाही. दोघांचे तर डोळे मिटलेले होते.
शेवटी सर्वांना एक सूत्र दिलं: वेळ दुप्पट, सगळं दुप्पट. तीनदा म्हणवून घेतलं.
शेवटच्या बाकावर एक बाई बसतात. बावीस वर्षं नोकरी, हातात कायम विणकाम. त्यांनी विचारलं, नळ सोडायच्या आधीच टाकीत पाणी असेल तर? म्हटलं, आपण मूळ विषयावर राहू या. त्यांनी मान डोलावली आणि पुढची ओळ विणायला घेतली.
संकल्प: सोमवारपासून कमी बोलणे.

सोमवार, ९ सप्टेंबर
तीन तास दहा मिनिटं. कमी बोलण्याचे फायदे नीट सांगायचे तर वेळ लागतोच.
जिन्यात ऐकलं, शिक्षक मला 'दुप्पट सर' म्हणतात. सूत्र रुजलं म्हणायचं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
उत्तरचाचणी झाली. प्रश्न तेच, पूर्वीचेच. कारकुनानं उत्तरसूची घेऊन संध्याकाळपर्यंत तपासलीही. सरासरी बारा.
शून्यावरून बारा! दोन आठवड्यांत!
पाचव्या प्रश्नाला मात्र जवळजवळ सगळ्यांचे तीन गुण गेले. टाकीत आधी पाणी आहे, वगैरे. सगळ्यांनी दुप्पट लिहिलंय. सूची वेगळंच काही म्हणते. उघड छपाईची चूक. वरच्या कार्यालयाला कडक पत्र लिहिणार. चूक धरली नाही तर सरासरी पंधरा.
घरी येताना केंद्रातल्या माझ्या फिरत्या खुर्चीसाठी नवी उशी घेतली. कायम माणसानं पाठ सांभाळावी.

मंगळवार, १७ सप्टेंबर
यशाचं प्रात्यक्षिक द्यायचं ठरवलं. शुक्रवारी, समोरच्या शाळेत, आठवीच्या वर्गावर, संचालक बाईंसमोर. घरातली माशांची जुनी टाकी काढली. मासे गेले तेव्हापासून रिकामीच. बायको म्हणाली, आधी एकटं करून बघा. सिंह सराव करतो का?

शुक्रवार, २० सप्टेंबर
सकाळी टाकी गळत नाही ना, हे पाहायला थोडं पाणी घातलं. गळत नाही. उत्तम काच.
वर्ग. चाळीस मुलं, मागे चोवीस शिक्षक, पुढे संचालक बाई. टिपणांचे कागद दोनदा खाली पडले. पंखा जोरात होता. नळाला पाइप जोडला. दोन मिनिटांनी पट्टी लावली: दहा सेंटीमीटर. फळ्यावर लिहिलं: चार मिनिटांनी वीस. चार मिनिटांनी पाहिलं: चौदा. नळ हळू चालतोय म्हणालो आणि पुढे होऊन तो पूर्ण सोडला.
पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, टाकीत आधीच सहा सेंटीमीटर पाणी होतं. तुम्ही बघितलंच नाही."
पाइप निसटला. संचालक बाईंची चप्पल भिजली.
मी फडकं शोधायला गेलो. परत आलो तर शेवटच्या बाकावरच्या बाई फळ्याजवळ. गप्प उभ्या. मुलंच बोलत होती. रेषा सहापासून काढली होती, मिनिटाला दोन सेंटीमीटर चढत होती. माझ्या प्रशिक्षणाचा परिणाम डोळ्यांनी पाहिला.
घरी नळाची तक्रार केली. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
अहवाल द्यायचा आजचा दिवस. कारकुनानं पूर्वचाचणीचे गुण मागितले. शून्य लिही म्हटलं. तो म्हणाला, पाकीट तर उघडू या. त्यानं उघडलं, तपासलं. मी खिडकीतून शाळेचं मैदान पाहत होतो.
सरासरी पंधरा.
पाचवा प्रश्न तेव्हा सगळ्यांचा बरोबर होता.
शेवटच्या बाकावरच्या बाईंना विचारलं, असं का? त्या खाली मान घालून म्हणाल्या, "उत्तर माहीत होतं सर. पण सगळ्यांना वाटलं, तुम्हाला दुप्पट आवडतं. प्रमाणपत्र तुमच्याच हातात होतं ना."
पंधरावरून बारा. आलेख काढला. रेषा सुबक आली आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर
संचालक बाई फार चांगलं बोलल्या. माझ्या जागी शेवटच्या बाकावरच्या बाई येणार. खुर्ची त्यांना दिली. उशी घरी आणली. त्या बाईंनीच विचारलं, मी आठवीला काय काय वापरणार, त्यांना माझ्याकडून शिकायचंय. थट्टा नव्हती. तेच जड गेलं.
रात्रीचं जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, भीती वाटते. अकरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे, आणि टाकी पुसून दाराशी ठेवली.

मंगळवार, १ ऑक्टोबर
आठवी. पहिला तास. रेषीय संबंध.
टाकी टेबलावर ठेवली. सकाळपासून तीनदा तपासली होती. मुलांना सांगितलं, आज टाकी पूर्ण रिकामी आहे.
पहिल्या बाकावरची ती मुलगी पुढे आली आणि तिनं आत हात घालून बघितलं.