कोळणीचा कासोटा

मंगळवार, संध्याकाळ, लालबाग

सात वर्षं झाली, आमची सायली कॉमिकवर शाई फिरवते. दुसरा पेन्सिलीने चित्र काढतो, ही त्यावर ब्रश चालवते. मी नातीला सारखी टोचायचे, "गिरवायचं काम तुझं, बालवाडीतली पोरंपण करतात." आज नाही टोचलं.

पानावर कोळीण होती, कासोटा पार ढिला. मी म्हटलं, "ही पाटी उचलेल की लुगडं सावरेल?" सायली हसली आणि पेन्सिलीची रेघ सोडून एका दमात घट्ट कासोटा ओढला. शाई ती, पुसता येत नाही. फोटो पाठवला तसा चित्रकाराचा फोन आला, तिने स्पीकरवर घेतला.

"माझं चित्र बदललंस? पुढचं पुस्तक दुसऱ्याला देऊ?"

पोरीने ब्रश खाली ठेवला.

"द्या सर. पण कासोटा असाच राहू दे. कामाची बाई आहे ती."

तिच्या जागी मी असते तर माफी मागितली असती. मागितलीच असती, खोटं कशाला लिहू?

त्याने फोन ठेवला. काम राहिलं की गेलं, माहीत नाही. ती पुढच्या पानाला बसली. तोंडावर कौतुक केलं तर डोक्यावर बसेल. कागद उडत होते म्हणून पंखा बंद केला आणि घाम पुसत तिच्याजवळच बसले.