धुरपताबाईची बांधी

दिनांक २२ ऑक्टोबर १९४५.
मौजा पिंपळटोला, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा.

हा कागद दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवा होता. न्यूमोनियातून उठलो तेव्हा घरच्यांना आणि वकिलांना तसा शब्द दिला होता, आणि त्यानंतर मी गप्प बसलो. आधी त्याची माफी मागतो आणि मग लिहायला घेतो.

मी, घनश्याम वल्द लक्ष्मीचंद बिसेन, वय सेहेचाळीस, गोंदियाच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. आज माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला धमकावलेले नाही की गोड बोलून वळवलेले नाही. जिना चढताना दम लागतो, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही असे डॉक्टरांचे मत आहे. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

कलम १. वडिलोपार्जित शेतीत माझा मुलगा नंदलाल याचा हक्क जन्मापासूनच आहे. जे माझ्या एकट्याचे नाही त्याचे दान मी करू शकत नाही. म्हणून त्या शेतीबद्दल इथे काहीच लिहीत नाही.

कलम २. राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते माझी पत्नी सुशिलाबाई हिला पूर्ण मालकीने मिळावे. नंदलालने तिच्या घरात राहावे. तिने नंदलालच्या घरात राहू नये. वाचणाऱ्याला यात फरक दिसणार नाही. सून आल्यावर सुशिलाबाईला दिसेल.

कलम ३. माझी पुस्तके शाळेला द्यावी. अमेरिकेच्या इतिहासाचे दोन खंड मात्र नंदलालने आधी वाचावे, मग द्यावे. भिंतीवरचा अमेरिकेचा नकाशा माझा चुलत भाऊ दुलीचंद याला द्यावा. चारचौघांत तो मला 'अमरिका मास्तर' म्हणतो आणि धान कापणीच्या दिवसांत हटकून विचारतो, "का जी मास्तर, तुमच्या अमरिकेत यंदा धान कसं हाय?" तो देश निदान कुठे आहे ते त्याला कळावे. माझ्या मनात राग नाही. असे लिहिले खरे, पण थोडा आहे.

कलम ४. तळ्याखालची बांधी, म्हणजे भाताचे ते मोठे खाचर, मी स्वतः विकत घेतलेले आहे. ते माझी मोठी बहीण धुरपताबाई हिला माझ्या पश्चात मिळावे.

इथे कारण लिहिणे भाग आहे, कारण आमच्या पोवार समाजात बहिणीला भाऊबीजेला लुगडे मिळते, जमीन मिळत नाही. धुरपताबाई, जिला मी नुसते बाई म्हणतो, विधवा होऊन माहेरी आली त्या वर्षी मी नागपूरला कॉलेजात गेलो. वडील अंथरुणावर होते. रोवणी, निंदण, कापणी, मजुरांची भांडणे सगळे तिने पाहिले. सुट्टीत मी घरी आलो की मला अमेरिकेच्या गोष्टी सांगायला लावायची आणि तांदूळ पाखडत ऐकायची. तिथल्या गुलामांना मोकळे केले, काहींना कसायला जमीनही दिली आणि वर्षभरात ती काढून जुन्या मालकांच्या हवाली केली, हे ऐकून तिचे सूप थांबले होते. "मंग मोकळं काय केलं त्याईले? पोट तं मालकाच्याच हातात ठेवलं," ती म्हणाली होती. पुढे परीक्षेत मी हाच मुद्दा चार पाने लिहिला.

वकिलांच्या कच्च्या मसुद्यात 'हयातभर, खाण्यापुरती' असे शब्द होते. मी विचारले तर म्हणाले, "बायांबद्दल असंच लिहितात, मास्तर." ते शब्द मी खोडले आहेत. बांधी तिची पूर्ण मालकीची. तिने ती विकावी, कोणाला द्यावी, पडीक ठेवावी. नंदलालला द्यावी अशी माझी आतून इच्छा आहे, हे मी नाकारत नाही. पण ती इच्छा या कागदाचा भाग नाही.

प्रांताची निवडणूक जवळ आली आहे. मतदारांच्या यादीत येण्यासाठी नावावर काही जमीनजुमला लागतो, नाहीतर शिक्षण लागते. बाईजवळ दोन्ही नाही. तिच्या नावावर जमीन असावी असे मला वाटते त्याचे हेही एक कारण आहे.

इथवर सकाळी लिहिले. जेवणानंतर ओसरीवर बसून घरच्यांना वाचून दाखवले. पुढे जे झाले तेही याच कागदात लिहितो, कारण त्यामुळे कलम ४ बदलले आहे.

बाईने सगळे ऐकून घेतले. मला वाटले ती डोळ्यांना पदर लावेल. तिने विचारले, "पश्चात म्हंजे?"

"माझ्यामागे. मी गेल्यावर."

तिला बरे वाटावे म्हणून मी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १८४८ साली काही बायका एका गावी जमल्या, बाईलाही मत हवे असे त्यांनी लिहून काढले आणि खाली सह्या केल्या. कायदा व्हायला बहात्तर वर्षे लागली. सह्या करणाऱ्यांपैकी तोवर एकच जिवंत होती असे मी वाचले आहे, आणि मत टाकायच्या दिवशी ती म्हातारी आजारी पडली.

"मंग तिचं मत कोनं टाकलं?"

"कोणीच नाही. ते राहूनच गेलं."

"अन् मले बी तू तिच्याच रांगेत बसवून राहिला का? तू मरशीन तवा बांधी माही! मी तुह्याहून सहा वर्षांनं मोठी हावो, भाऊ. काऊन तुह्या मरनाची वाट पाहू मी? असी वाट पाहनारी बहीन पाह्यजे का तुले?"

सुशिलाबाई हसू दाबत आत गेली. मला हसू आले नाही. मी स्वतःला विचारले की बक्षीसपत्र करून बांधी आजच देता येते हे मला ठाऊक असताना मी मृत्युपत्रच का निवडले. उत्तर मिळाले ते चांगले नाही. मेल्यावर दुलीचंदच्या ओसरीसमोरून मला जावे लागणार नव्हते. "बहिनीले लुगडं देतेत, बांधी नाही," हे त्याचे वाक्य ऐकायला मी इथे नसतो. सुधारणा करायची होती, पण ती होताना आपण हजर नसावे अशी सोय मी करून ठेवली होती.

म्हणून कलम ४ रद्द. ते खोडत नाही. वाचता येईल असे ठेवतो. बांधी मृत्युपत्रातून वगळली आहे, कारण ती मी हयातीतच बाईला देणार आहे आणि मरताना ती माझी नसेल.

हे सांगितले तेव्हा सुशिलाबाई दारातून म्हणाली, "म्हंजे आतं भाऊबीजेचं लुगडं वाचलं म्हना."

"काऊन वाचंल?" बाई म्हणाली. "बांधी मालकीनीले. लुगडं बहिनीले."

कलम ५. बाईला दर भाऊबीजेला लुगडे देत जावे. माझ्यामागे ते नंदलालने द्यावे, आणि रंग तिला विचारून आणावा. मी आजवर न विचारता आणत आलो.

कलम ६. हे मृत्युपत्र दुलीचंदसमोर वाचावे. त्याने भांडण काढल्यास त्याला चहा द्यावा आणि बोलू द्यावे. त्याच्या बहिणीही त्या वेळी ओसरीवर असाव्यात.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाली दिलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही. बिसरामजींना फक्त शेतावर जायला उशीर झाला.

सही: घनश्याम लक्ष्मीचंद बिसेन

साक्षीदार:
१. भैय्यालाल पटले, शिक्षक, गोंदिया
२. बिसराम रहांगडाले, शेतकरी, पिंपळटोला

उद्याचे काम: सकाळच्या गाडीने बाईला घेऊन गोंदियाला जाणे आणि बक्षीसपत्रासाठी स्टँपाचा कागद आणणे.